संशोधनाची नोंद : विद्यापीठीय संगणक-प्रणाली आणि पाली-बौद्ध अभ्यासक

भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अंबाडी हे नाक्याचे गाव लागते. येथूनच एक वाट वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे फुटते. गेल्या वर्षावासात पाली भाषेच्या परिचयवर्गासाठी आम्ही काही रविवार या गावी जात होतो. वर्गात शिक्षक होते, गृहिणी होत्या, भिवंडीच्या गोदामांत काम करणारे तरुणही होते. एका रविवारी वर्ग संपल्यावर पाली विषयात एम.ए. झालेल्या एका भगिनीने प्रश्न विचारला, "सर, पीएच.डी.साठी नाव नोंदवायचे तर आता आराखड्यापासून प्रबंधापर्यंत सारे संगणकावरच द्यावे लागते असे ऐकते. विषय पालीचा, लेखन मराठीत. त्या यंत्राला यातले काय कळणार? आणि त्याला कळले नाही, तर माझे काम कोणाला दिसणार?"

प्रश्न साधा होता. परंतु त्यात एक खरी भीती होती. ज्या समाजाला शतकानुशतके लेखनापासून दूर ठेवले गेले, त्या समाजातील पहिल्या-दुसऱ्या पिढीचा संशोधक जेव्हा प्रबंध लिहितो, तेव्हा तो कोठे नोंदला जातो आणि कोणाच्या हाती लागतो, हा त्याच्या दृष्टीने कार्यालयीन तपशील राहत नाही. त्या दिवशी आम्ही दिलेले उत्तर अपुरे होते. प्रस्तुत लेखात ते पूर्ण करण्याचा प्रयत्न करीत आहोत.

नोंदीची परंपरा

नोंद ठेवणे ही संगणकाने आणलेली गोष्ट नव्हे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा एक दानलेख आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील या लेखात भिक्षुसंघासाठी ३००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मूळ रक्कम कधीही न मोडता केवळ व्याज वापरावयाची ठेव, दिल्याचे नमूद आहे. त्यांपैकी २००० कार्षापण विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या दराने ठेवलेले आहेत. वर्षावासात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावेत, असे त्यात म्हटले आहे. हिशेब करून पाहावा. २००० वर महिन्याला २० व्याज, वर्षाला २४०; आणि वीस भिक्षूंचे प्रत्येकी बारा मिळून तेवढेच २४०. जुळणी चोख आहे.

आमच्या विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा भाग लेखाच्या अखेरीस येतो. हे दान निगमसभेत सर्वांना ऐकविण्यात आले आणि प्रथेप्रमाणे फलकावर नोंदविण्यात आले, असे तेथे सांगितले आहे. दात्याचे नाव, दानाचा उद्देश, रक्कम, ती कोणाकडे ठेवली, कोणत्या दराने, आणि या सर्वांची जाहीर नोंद, इतकी अंगे त्या एका लेखात आहेत. कान्हेरीच्या लेखांतही कल्याण आणि सोपारा येथील दात्यांची नावे, गावे व दाने अशीच नोंदलेली आढळतात. नोंद राहिली म्हणून ते व्यापारी व उपासक आज आम्हांस ठाऊक आहेत. ज्यांची नोंद झाली नाही, त्यांनी दिलेले दान कमी मोलाचे होते असे नाही. परंतु ते आम्हांस दिसत नाहीत.

संशोधन-व्यवस्थापनाची संगणक-प्रणाली म्हणजे मूलतः असा फलकच होय. कोण संशोधक, कोणता विषय, कोण मार्गदर्शक, काम कोठवर आले, फळ काय निघाले आणि ते कोठे ठेवले आहे, या प्रश्नांची उत्तरे एका ठिकाणी, ठरलेल्या रकान्यांत आणि कोणालाही तपासता येतील अशी ठेवणे हे तिचे कार्य आहे. गोदामात काम करणाऱ्या आमच्या तरुण मित्रांना हे समजाविण्याची गरजच पडली नाही. माल आत आला की त्यावरील पट्टीवर यंत्र फिरवायचे. ती नोंद राहिली तर माल गोदामात असूनही सापडत नाही, हे ते रोज अनुभवतात.

या प्रणालीची अंगे

भारतीय विद्यापीठांच्या बाबतीत या व्यवस्थेचे केंद्र इन्फ्लिबनेट ही संस्था आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ साली हा उपक्रम पुण्याच्या आयुका या संस्थेच्या छत्राखाली सुरू केला. १९९६ साली त्यास स्वतंत्र आंतरविद्यापीठ केंद्राचा दर्जा मिळाला. आज हे केंद्र गुजरातमधील गांधीनगर येथे आहे. खगोलभौतिकीच्या संस्थेच्या छत्राखाली देशातील ग्रंथालये जोडण्याचे हे काम सुरू झाले, ही गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांस नवी वाटेल.

या केंद्राच्या चार-पाच सेवा आमच्या संशोधकांनी नीट ओळखून घ्याव्यात.

पहिली 'शोधगंगोत्री'. नावावरूनच तिचा हेतू कळतो. पीएच.डी.साठी मान्य झालेल्या विषयांचे आराखडे येथे ठेवले जातात. एखाद्या विषयावर कोणी काम करीत आहे काय, हे प्रबंध पूर्ण होण्यापूर्वीच समजावे, हा उद्देश.

दुसरी 'शोधगंगा'. येथे पूर्ण झालेले प्रबंध ठेवले जातात. आयोगाच्या २००९ च्या विनियमाने प्रबंधाची संगणकीय प्रत देणे आवश्यक केले. २०१६ व २०२२ च्या विनियमांनी ही अट कायम ठेवली. मूल्यमापन यशस्वीपणे पूर्ण झाल्यावर, पदवी देण्यापूर्वी, विद्यापीठाने ही प्रत इन्फ्लिबनेटकडे द्यावयाची असते. आज तेथे पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत आणि ते कोणालाही विनामूल्य वाचता येतात. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, अनुक्रमणिका, प्रत्येक प्रकरण आणि संदर्भसूची अशा स्वतंत्र भागांत प्रबंध ठेवला जातो. त्यामुळे एखादे प्रकरण तेवढेच उघडता येते. यासाठी वापरलेले 'डी-स्पेस' हे सॉफ्टवेअर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या सहकार्याने तयार करून २००२ साली सर्वांसाठी खुले केले.

तिसरी 'शोधशुद्धी'. लेखनातील मजकूर इतरत्रच्या मजकुराशी किती जुळतो, हे दाखविणारी साम्यतपासणीची सोय २०१९ पासून या नावाने विद्यापीठांना दिली जाते.

चौथी 'विद्वान' ही तज्ज्ञांची सूची आणि तिच्या आधारे उभी असलेली 'आयरिन्स' ही प्रणाली. संशोधन-व्यवस्थापन म्हणतात ते खऱ्या अर्थाने येथे घडते. शोधगंगा प्रबंध सांभाळते. आयरिन्स माणसांची नोंद सांभाळते. अध्यापकाचे लेख, ग्रंथ, प्रकल्प, मार्गदर्शन केलेले विद्यार्थी आणि त्याच्या लेखनाचा इतरांनी घेतलेला आधार या सर्वांचे एक पान ती तयार करते, आणि अशा पानांतून संपूर्ण विभागाचे व विद्यापीठाचे चित्र उभे राहते.

यांच्या जोडीला 'ऑर्किड' हा सोळा स्थानांचा संशोधक-क्रमांक येतो. २०१२ पासून जगभर वापरला जाणारा हा क्रमांक विनामूल्य मिळतो. एकाच नावाचे दोन संशोधक, अथवा एकाच संशोधकाच्या नावाची चार रूपे, यांतून होणारा घोटाळा टाळणे हा त्याचा उपयोग.

अशा व्यवस्थेची गरज काय?

हे सारे विद्यापीठाच्या सोयीसाठी असून संशोधकाला केवळ भुर्दंड आहे, असे काहींचे म्हणणे असते. इतिहासातील दोन उदाहरणे पाहिली असता हे मत टिकत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठासाठी लिहिलेला प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरील प्रबंध विद्यापीठाने स्वीकारला होता. परंतु छापील प्रती सादर झाल्याशिवाय पदवी देण्याची तेथे रीत नव्हती. ग्रंथ लंडनहून १९२५ साली प्रसिद्ध झाला आणि पदवी ८ जून १९२७ रोजी प्रदान झाली. मधली वर्षे ज्ञानाच्या उणिवेची नव्हती. छपाईला लागणाऱ्या पैशाची आणि सवडीची होती. तत्पूर्वी, १९१७ साली ते लंडनहून परतत असता त्यांचे सामान व पुस्तके वेगळ्या बोटीने पाठविली होती. महायुद्धात ती बोट बुडविली गेली आणि तो संग्रह नष्ट झाला. एकाच प्रतीवर विसंबण्याचा धोका यापेक्षा स्पष्ट काय असणार? आज प्रबंध छापण्यावाचून पदवी अडत नाही आणि एक प्रत हरवली म्हणून काम बुडत नाही, हा केवढा फरक आहे, हे आम्ही क्वचितच लक्षात घेतो.

दुसरे उदाहरण पालीचेच आहे. 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनाचे काम हार्वर्डचे हेन्री क्लार्क वॉरन यांनी हाती घेतले होते. १८९९ साली त्यांचे निधन झाले. ते पुरे करण्यासाठी आचार्य धर्मानंद कोसंबी १९१० साली हार्वर्डला गेले. ग्रंथावर कोणाचे नाव कोणत्या प्रकारे यावे, यावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद होऊन ते १९१२ साली परतले. पुढे त्यांनी आणखी तीन वेळा अमेरिकेस जाऊन काम केले. त्यांनी सिद्ध केलेली देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईत निघाली. परंतु हार्वर्डची रोमन आवृत्ती निघाली ती १९५० साली. तोवर वॉरन, लॅनमन आणि कोसंबी हे तिघेही हयात नव्हते. कोणी किती व कोणते काम केले याची वेळच्या वेळी उभयमान्य नोंद असती, तर सर्व अडचणी टळल्या असत्या असे आम्ही म्हणणार नाही. परंतु श्रेयाचा प्रश्न पदरी अधिकार असलेल्याच्या मर्जीवर सोडला की दुर्बल बाजूच्या विद्वानास काय सोसावे लागते, हे यातून दिसते. मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांच्या नात्यात दुर्बल बाजू कोणाची असते, हे सांगणे नको.

सहामाही प्रगती अहवाल केव्हा दिला, संशोधन सल्लागार समितीने काय सुचविले, प्रबंध परीक्षकांकडे कोणत्या दिवशी गेला, या नोंदी जर प्रणालीत दिनांकासह असतील, तर कपाटातील फाइल सापडत नाही असे उत्तर विद्यार्थ्यास ऐकावे लागत नाही. अंबाडीसारख्या गावाहून कलिन्याच्या विद्यापीठ-परिसरात जायचे म्हणजे आधी भिवंडीची गाडी, मग ठाणे किंवा कल्याण गाठून लोकल, असा अवघा दिवस जातो. रोजगार बुडतो तो वेगळाच. एका कागदाच्या चौकशीसाठी अशा तीन खेपा वाचल्या, तर ती सोय क्षुल्लक नव्हे.

पाली व मराठीच्या अडचणी

इतके सांगून झाल्यावर त्या भगिनीच्या मूळ शंकेकडे वळले पाहिजे. यंत्राला यातले काय कळणार? प्रामाणिक उत्तर असे की, आपण कळू देऊ तेवढेच.

पहिली अडचण अक्षरांची. गेल्या तीस वर्षांत मराठीत टंकलिखित झालेले पुष्कळ प्रबंध जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये आहेत. अशा फाँटमध्ये पडद्यावर 'धम्म' दिसत असले, तरी संगणकाच्या आत रोमन अक्षरांची एक निरर्थक ओळ असते. तो प्रबंध शोधगंगेत असूनही त्यातील शब्दाने तो शोधता येत नाही. केवळ छायाचित्रासारखी स्कॅन केलेली पाने असतील, तर स्थिती तीच. यावर उपाय युनिकोड. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरीचा त्यात समावेश आहे, आणि पालीच्या रोमन लेखनासाठी लागणारी खाली-वर ठिपके व आडव्या रेघा असलेली अक्षरेही त्यात आहेत. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनाची तिपिटक-आवृत्ती संगणकावर आणली, तेव्हापासून एखादा शब्द संपूर्ण पाली वाङ्मयात कोठे कोठे येतो हे क्षणात पाहता येऊ लागले. ज्या मूळ ग्रंथांवर आम्ही लिहितो ते शोधता यावेत, आणि त्यांवरील आमचे प्रबंध मात्र शोधता येऊ नयेत, ही विसंगती आमच्याच हातची आहे.

दुसरी अडचण शब्दरूपांची. तिपिटक, त्रिपिटक, निब्बान, निर्वाण, सुत्त, सूत्र. त्यात रोमन लेखनाची भर. यंत्राच्या लेखी ही सारी वेगवेगळी. म्हणून प्रबंधाच्या नोंदीतील मुख्य शब्दांच्या रकान्यात पाली, मराठी आणि इंग्रजी अशी तिन्ही रूपे द्यावीत. सारांशही तिन्ही नव्हे तरी निदान दोन भाषांत असावा. या रकान्यास पुष्कळ जण शेवटच्या घाईत दोन शब्द लिहून मोकळे होतात. वस्तुतः तेच प्रबंधाचे दार आहे.

तिसरी अडचण साम्यतपासणीची, आणि ती आमच्या विषयाची खास आहे. आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्य-प्रतिबंधक विनियमानुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. दहा ते चाळीस टक्के असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा प्रबंध सादर करावा लागतो. चाळीस ते साठ असल्यास एक वर्ष सादर करण्यास मनाई होते. त्याहून अधिक असल्यास नोंदणीच रद्द होते. आता पाली सुत्तांची रचना पाहा. तीच वाक्ये, तेच प्रश्नोत्तर, तीच उपमा पुन्हा पुन्हा येते. मौखिक परंपरेने जतन झालेल्या वाङ्मयाचा तो स्वभावच आहे. हस्तलिखितांत लेखकांनी 'पेय्याल' ही खूण घालून अशी पुनरुक्ती गाळली आहे. यंत्राला पेय्याल ठाऊक नाही. मूळ पाली उतारे देणाऱ्या प्रामाणिक प्रबंधात त्यास मोठे साम्य दिसू शकते.

परंतु विनियमात याची सोय आहे, हे पुष्कळांस माहीत नसते. श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना व ऋणनिर्देश हे सारे मोजणीतून वगळावयाचे असते. योगायोगाने जुळणारी सलग चौदा शब्दांपर्यंतची रचनाही वगळावयाची असते. म्हणून प्रत्येक पाली उतारा अवतरणचिन्हांत, ग्रंथ व पृष्ठ देऊन लिहावा, आणि अहवाल काढताना अवतरणे वगळली आहेत किंवा नाहीत याची मार्गदर्शकाने खात्री करावी. आमच्या परिचयातील एका विद्यार्थ्याचा प्रबंध केवळ या कारणाने काही महिने अडकून पडला होता. दोष ना त्याचा होता ना यंत्राचा. यंत्राचा आकडा हाच निवाडा मानणाऱ्या माणसांचा तो होता.

चौथी अडचण मापनाची. आयरिन्ससारखी प्रणाली अध्यापकाच्या लेखांची माहिती बव्हंशी मोठ्या आंतरराष्ट्रीय सूचींतून उचलते. या सूचींत मराठी नियतकालिके जवळजवळ नाहीत. परिणामी, वीस वर्षे मराठीत सकस लेखन केलेल्या पालीच्या अध्यापकाचे पान रिकामे दिसते आणि रसायनशास्त्राच्या तरुण सहकाऱ्याचे भरलेले. भारतीय भाषांतील नियतकालिकांचाही समावेश असलेली, आयोगाने २०१९ साली आणलेली 'केअर' यादीही २०२५ साली मागे घेण्यात आली. नियतकालिकाचा दर्जा ठरविणे आता संस्थांवर आले आहे. येथे संशोधकाने स्वतःहून लेख, ग्रंथ व प्रकरणे यांची माहिती भरली पाहिजे, आणि विद्यापीठांनीही रिकामे पान म्हणजे रिकामा विद्वान असे समजू नये. मोजपट्टी कापडासाठी केलेली असेल, तर तिने दूध मापू नये.

प्रणाली आणावी कशी?

नवी प्रणाली आणण्याची घाई किती महाग पडते, याचा धडा मुंबई विद्यापीठाने २०१७ साली घेतला आहे. त्या वर्षी उत्तरपत्रिका पडद्यावर तपासण्याची पद्धत एकाच वेळी सर्व परीक्षांना लागू करण्यात आली. सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका, त्या स्कॅन करण्याचे काम, प्राध्यापकांचे अपुरे प्रशिक्षण, या सर्वांचा मेळ बसला नाही. निकालासाठी कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, विद्यार्थ्यांचे पुढील प्रवेश अडले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. ती परीक्षेची प्रणाली होती, संशोधनाची नव्हे. परंतु धडा एकच आहे. यंत्र विकत घेतल्याने व्यवस्था येत नाही.

आमच्या मते संशोधन-प्रणाली आणताना चार गोष्टी क्रमाने व्हाव्यात. प्रथम एक-दोन विभागांत ती चालवून पाहावी, आणि त्यांत एक तरी भाषा-विभाग असावा. कारण विज्ञानाच्या विभागात निर्धोक चालणारी प्रणाली देवनागरीपाशी अडते. दुसरे, जुनी कागदी पद्धत निदान एक वर्ष समांतर ठेवावी. तिसरे, विभागातील लिपिक, ग्रंथपाल आणि विद्यार्थी यांना त्यांच्या भाषेत प्रशिक्षण द्यावे; ग्रंथपालास या कामाचा केंद्रबिंदू मानावे. चौथे, चूक दुरुस्त करून घेण्यासाठी नाव असलेला माणूस असावा. पडद्यावरील सूचनेशी वाद घालता येत नाही.

संशोधकाने काय करावे?

लेखाच्या अखेरीस त्या भगिनीस, आणि तिच्यासारख्या सर्वांस, आम्ही हे सुचवू. विषय ठरविण्यापूर्वी शोधगंगा व शोधगंगोत्री या दोन्ही ठिकाणी, सर्व शब्दरूपांनी, शोध घ्यावा. नागपूर, छत्रपती संभाजीनगर, पुणे येथील विद्यापीठांत त्याच विषयावर काय झाले आहे ते पाहावे. पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच लिहावे. आपले नाव कसे लिहावयाचे हे एकदाच ठरवून ऑर्किड क्रमांक घ्यावा. विवाहानंतर नाव बदलणाऱ्या भगिनींना तर याचा मोठा उपयोग आहे. लेखनाच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. प्रत्येक अर्जाची पोच दिनांकासह जपावी. आणि पदवी मिळाल्यावर आपला प्रबंध शोधगंगेत उघडतो काय, सर्व प्रकरणे आहेत काय, नाव बरोबर आहे काय, हे स्वतः पाहावे.

वर्षावास संपता संपता ती भगिनी पुन्हा भेटली. वर्गातील एका गोदाम-कामगार तरुणाने आपल्या भ्रमणध्वनीवर शोधगंगा उघडून तिला तिच्याच विषयाजवळचे काही प्रबंध काढून दिले होते. त्यांतील एक जुन्या फाँटमधला होता. नावाने सापडला, पण आतील शब्दाने सापडत नव्हता. "इतके कष्ट करून लिहिले आणि दार बंद राहिले," असे ती म्हणाली. आपला आराखडा ती आता युनिकोडमध्ये लिहीत आहे.